हार्टवेलशी आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून ठरलं. या मोसमात मॅचमध्ये आरडाओरडा बंद. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा तोंड वाकडं केलं. तेव्हा जायचं, शांत बसायचं, टाळ्या वाजवायच्या, घरी यायचं. माणसाने बासष्टाव्या वर्षी बर्फावरच्या हॉकीकडे जरा लांबून बघायला शिकलं पाहिजे. अपवाद फक्त हार्टवेलचा. तिथे डॉक्टरांचं काही चालणार नाही. डॉक्टर टोरांटोचे. आमचं गाव पेलिकन फोर्क आणि पस्तीस किलोमीटरवरचं हार्टवेल यांच्यात काय धुमसतंय, ते त्यांना कसं कळावं?

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
मॅच सेंट ब्राइड गावाशी होती. शांत बसलो. पहिला गोल होईपर्यंत. रेफरी आंधळा असेल तर ते त्याला कोणीतरी सांगायला हवंच. तो आरडाओरडा नव्हे, ती माहिती.

७ फेब्रुवारी
दाढ ठणकते आहे. जवळचा दंतवैद्य हार्टवेलमध्ये. म्हणजे आपल्या दृष्टीने जवळ दंतवैद्य नाही. रेजायनाला जायचं ठरवलं, दोन तासांचा रस्ता, तर हिमवादळ आलं आणि रस्ता बंद. मार्लीन म्हणाली, अरे, तुझ्या दाढेला काय कळतंय डॉक्टर कुठल्या टीमचा आहे ते? बायको चांगली आहे, पण हॉकी तिच्या रक्तात नाही. लवंग धरून बसलो आहे.

१२ फेब्रुवारी
दाढ थांबली. निग्रहापुढे काय टिकतं? पण घरात नवे पडदे आले आहेत. मार्लीन म्हणते रेजायनाचे. कचऱ्यात हार्टवेलच्या दुकानाची पिशवी सापडली.  मोठ्या मनाने माफ केलं. फक्त यापुढे जेवताना खिडकीकडे पाठ करून बसणार.

१६ फेब्रुवारी
आलं! सेमीफायनल हार्टवेलशी! तीन मॅच, दोन जिंकेल तो फायनलला. को-ऑप दुकानातल्या कॉफीच्या टेबलवर उभा राहून चार शब्द बोललो. की हे दोन गावांमधलं नाही, हे तत्त्वांमधलं भांडण आहे. त्यांच्या डोळ्यांत आपण सलतो. आपलं नाव काढलं की तिथे ताटावरचा घास खाली ठेवतात. शेजारचा डेल म्हणाला, ऑरेस्ट, त्यांनी आपल्याला सलग नऊ वर्षं धुतलंय, याला वैर म्हणतात की सवय? लोक हसले. डेलची आई हार्टवेलची होती हे मी आजवर कधी काढलं नाही. आजही काढलं नाही. फक्त सगळ्यांना आठवण करून दिली.

१८ फेब्रुवारी
तयारी पूर्ण. आमच्या टीमची हिरवी टोपी बाहेर काढली. २००९ साली आम्ही कप जिंकलो त्या दिवसापासून ती धुतलेली नाही. जिंकलेलं नशीब कोणी साबणाने धुतं का? मार्लीन ती चिमट्याने उचलते. तो तिचा विनोदी स्वभाव.

गार्थचाही विचार करून ठेवला. गार्थ म्हणजे हार्टवेलचा लाल कोटवाला. त्याचं नाव मी मोठ्या खटपटीने काढलं. गेली वीस वर्षं प्रत्येक मॅचला तो समोरच्या बाजूला बसतो, खेळ सुरू व्हायच्या आधी नेमकं माझ्याकडे बघतो आणि कॉफीचा कप वर करतो. हसून! इतका थंड डोक्याचा अपमान मी आयुष्यात पाहिला नाही. मी उत्तरादाखल सावकाश मान फिरवतो. एकही शब्द न बोलता आम्ही दोघांनी हे वीस वर्षं निभावलं आहे. असा शत्रू मिळायला नशीब लागतं.

२१ फेब्रुवारी
पहिली मॅच आपल्याकडे. ४-१ जिंकलो!! गार्थने कप वर केला, मी मान फिरवली. सगळं यथासांग. मी शांतच होतो. आवाज बसला आहे तो थंडीमुळे. उणे एकतीस आहे बाहेर. मार्लीनकडे चहा हातवारे करून मागितला, तिने पाणी आणून दिलं.

२४ फेब्रुवारी
दुसरी मॅच त्यांच्याकडे. हरलो. त्यांचा बर्फ एका बाजूला उतरता आहे, हे मी कित्येक वर्षं सांगतो आहे. डेल म्हणाला, मग दुसऱ्या डावात बाजू बदलली तेव्हा काय झालं? तेव्हा नशीब उतरतं होतं. त्यांच्या कॅन्टीनमध्ये मी तत्त्व म्हणून काही खात नाही. डेलने ग्रेव्ही घातलेल्या फ्राइजच्या दोन प्लेट चेपल्या आणि वर म्हणाला, यांची ग्रेव्ही आपल्यापेक्षा भारी. त्याच्याशी बोलणं टाकलं. गाडी त्याची होती म्हणून परत येताना थोडं बोललो.

२७ फेब्रुवारी
उद्या निकाल. हार्टवेललाच. संकल्प : टोपी डोक्यावर, हात मांडीखाली, तोंड बंद.

१ मार्च
सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी वाकडंतिकडं सांगू नये.

आपला टॅनर, पोस्टातल्या आयरीनचा नातू, काल देवासारखा खेळत होता. त्याचे दोन गोल झालेले. एकाच खेळाडूचा तिसरा गोल झाला की लोक डोक्यावरच्या टोप्या बर्फावर फेकतात, हा जगभरचा रिवाज आहे, मी शोधून काढलेला नाही. बरोबरी चालू होती, शेवटची पाच मिनिटं. त्यांच्या गोलसमोर झोंबाझोंबी झाली, टॅनरची काठी वर गेली, चकती आत! टोपी मी फेकली असं लोक म्हणतात. मी फेकली नाही. टोपी गेली.

बर्फावर एकच टोपी पडली. हिरवी. गोल आपल्याच ब्रेडनच्या बुटाला लागून झाला होता, म्हणजे टॅनरचा तिसरा नव्हताच. गोल मोजला गेला, आपण एकाने पुढे. पण आमच्या लीगचा एक मूर्ख नियम आहे. कारण नसताना प्रेक्षकाने काही फेकलं तर त्याच्या टीमचा एक माणूस दोन मिनिटं बाहेर. टॅनरला बसवलं. त्या दोन मिनिटांत त्यांनी बरोबरी केली आणि जादा वेळेत जिंकले.

यात माझा संबंध कुठे येतो, हे मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

२ मार्च
को-ऑपमध्ये गेलो तर टेबलवर जागा नव्हती. चार खुर्च्या रिकाम्या होत्या, पण जागा नव्हती. पोस्टात आयरीनने माझं टपाल काउंटरवर ठेवलं आणि पाठ फिरवली. डेल म्हणाला, आपल्या टीमच्या कॅप्टनने विचारलं टोपी कोणाची, मी म्हणालो मला दिसलं नाही. मित्र असावा तर असा. फक्त पुढे म्हणाला, दिसायची गरजच नव्हती, वास आला.

५ मार्च
टोपी परत आणायची. ती तिकडे राहण्यात गावाची बेअब्रू आहे. ते काय करत असतील, ते मला इथे बसून दिसतंय. भिंतीवर खिळा मारून टांगली असेल. पोरंसोरं फोटो काढून घेत असतील. गार्थ तिच्याखाली बसून कॉफी पीत असेल. मी आत शिरलो की सगळे गप्प होतील. मग मी म्हणेन, विजय तुमचा असेल, पण इज्जत आमची आहे. वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. मार्लीनने खालून विचारलं, कोणाशी भांडतोस रे?

८ मार्च
गेलो होतो.

भिंतीवर काही नव्हतं. गार्थ कॅन्टीनमध्ये एकटाच बटाटे सोलत बसला होता. मी दारात ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, मी ऑरेस्ट हालिस्का, पेलिकन फोर्क. आणि थांबलो. तो म्हणाला, या या, आधी दार लावा, गारठा आत येतोय. मग म्हणाला, पहिल्यांदाच येताय का आमच्याकडे?

 मी सरळ कपाचं विचारलं. वीस वर्षं तुम्ही माझ्याकडे बघून कप वर करता त्याचं काय? तो गोंधळला, मग खो खो हसला. अहो, मला लांबचं दिसत नाही. माझी मेहुणी दिली आहे तुमच्या गावात, ती तिकडे वरच्या रांगेत बसते, तिला करतो. तुम्ही तिच्या पुढे बसता होय? आता बघून करीन हं.

मी म्हणालो, आणि आपलं वैर? कसलं वैर, म्हणाला. तुमच्याशी? छे हो! तुम्ही तर आमचे लाडके. बिचारे एवढ्या लांब येता, हरता, गुमान घरी जाता. आमचं वाकडं आहे ते सेंट ब्राइडशी. ती जातच नालायक. असं म्हणताना त्याने बटाट्यात सुरी अशी खुपसली की मला हेवा वाटला. खरंच सांगतो, हेवा वाटला.

टोपी मुलांच्या हरवलेल्या हातमोज्यांच्या खोक्यात होती. त्याच्या बायकोने धुऊन ठेवली होती. फार कळकट होती हो, म्हणाला. आता तिला लॅव्हेंडरचा वास येतो आणि ती डोक्यात शिरत नाही.

फ्राइजची प्लेट पुढे केली. शिष्टाचार म्हणून खाल्ली. ग्रेव्हीबद्दल मला काही लिहायचं नाही. निघताना म्हणाला, शनिवारी फायनल आहे सेंट ब्राइडशी, या की आमच्या बाजूने. माणसं कमी पडतात. तुम्हाला ओरडता येतं ना?

मला विचारतो!

१० मार्च
मार्लीनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, तिकडे सगळे आपल्याबद्दल चांगलंच बोलतात, पडदेवाली पण, दंतवैद्य पण. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू एवढा खूष असायचास रे.

दिवसभर गॅरेजमध्ये बसलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माणूस आयुष्यभर एखाद्याचा मनापासून द्वेष करतो आणि त्या माणसाला आपलं नावसुद्धा ठाऊक नसतं.

११ मार्च
नीट विचार केला. हा त्यांचा डाव आहे. द्वेष करत नाही असं दाखवणं हा द्वेषाचा सगळ्यात वरचा प्रकार. मी फसणार नाही. शनिवारी जाणार, पण ते हरताना डोळे भरून बघायला. सेंट ब्राइडच्या बाजूला बसून.

१४ मार्च, सकाळ
निघतो. डॉक्टरांचं आठवून, शांत राहणार.

१४ मार्च, संध्याकाळ
सेंट ब्राइडची बाजू भरून गेली होती. अगदी त्यांच्या शेजारच्या रांगेत, कठड्यापाशी, गार्थने माझ्यासाठी जागा धरली होती. मी ती केवळ पाय दुखतात म्हणून घेतली. थंडी होती म्हणून त्याने दिलेला लाल मफलर गुंडाळला. थंडीला रंग नसतो.

पहिला अर्धा तास मी तोंड उघडलं नाही. मग सेंट ब्राइडच्या एका धटिंगणाने हार्टवेलच्या पोराला मागून काठी घातली आणि रेफरी खुशाल दुसरीकडे बघत होता. मी उभा राहिलो. काहीतरी बोललो असेन. तेवढ्यात कठड्यापलीकडून सेंट ब्राइडची एक आजीबाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, वाकून माझ्या तोंडासमोर बोट नाचवत ओरडली, ए हार्टवेलच्या थेरड्या, बस खाली, नाहीतर ही गरम कॉफी ओतीन तुझ्या बोडक्यावर! काय ते डोळे! काय तो तिरस्कार! निर्भेळ!  वीस वर्षं कोणीतरी माझ्याकडे असं बघावं म्हणून मी या थंडीत बसत आलो.

मी तिला उत्तर दिलं. काय दिलं ते लिहीत नाही. तिने त्यावर माझ्या आईचा उद्धार केला. मी तिच्या सगळ्या गावाचा केला. गार्थ माझ्या पाठीवर थापा मारत होता. पुढच्या वर्षी दोघांनाही याच जागा मिळाव्यात.

घरी आलो. मार्लीनने दार उघडून विचारलं, काय रे, कोण जिंकलं?

मी म्हणालो, आपण.

ती म्हणाली, ऑरेस्ट, आपण तर दोन आठवड्यांपूर्वीच हरलो.