स्वरांगी मराठी बोलू लागली

मेनूथ, आयर्लंड, २० जून २०२०

ती. अलकनंदाताईस,

धाकट्या नंदिनीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी अजून गच्चीवरच शंभर फेऱ्या मारतात का? लॉकडाउनमुळे तुझी कामवाली येत नाही हे वाचून वाईट वाटलं. मला इथे ती कधीच नव्हती, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत. स्वरांगी तर इतकी बरी आहे की मला भीती वाटते. फोनवर बोलता येत नाही, कारण ती दाराशी उभी राहून ऐकते. लॅपटॉप तिच्या शाळेसाठी अडकलेला, म्हणून हाताने लिहिते आहे. विमानांअभावी टपाल रखडलंय, तेव्हा पानांचे फोटो पाठवीन.

सगळा दोष तुझा आहे. वटपौर्णिमेला इथे पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. (वड बहुधा पाच हजार किलोमीटरमध्येही नसेल, पण सरकारला बोल लावायला बरं.) तू म्हणालीस, भाव महत्त्वाचा, कुठलंही झाड चालेल. आमच्या मागच्या शेतात एकच काटेरी झाड आहे, पांढऱ्या फुलांचं, एकटं. शेतकरी सगळं शेत नांगरतो, पण त्याला वळसा घालून जातो. मला वाटलं, आळशी असेल. मी साडी नेसून (वर रेनकोट) त्याला धाग्याचे सात फेरे घातले. आणि खरं सांगू का, सात जन्म हाच नवरा असं काही मागितलंच नाही. (गिरीशला कळू देऊ नकोस.) म्हटलं, माझ्या पोरीला मराठी बोलू दे. तुला माहीतच आहे, कळायचं सगळं, पण उत्तर कायम एकच, 'आय्म ग्रँड, मॅम', तेही इथल्या हेलात. (इथली पोरं आईला मॅम म्हणतात.) मराठी अक्षर तर एक येत नव्हतं. माझ्यामागून ती झाडाभोवती खेळत होती, मग खाली वाकून आत शिरली आणि थोड्या वेळाने बाहेर आली.

घरी येऊन पाय धुतले आणि म्हणाली, "आई, अंमळ पाणी देतेस?"

आम्ही नाचलो! गिरीशने कारखान्यात फोन करून ही बातमी मल्याळी साहेबाला सांगितली. मग ती कारल्याची भाजी मागून खाऊ लागली. सांजेला दिवा लावून शुभंकरोती म्हणू लागली. आईने व्हिडिओवर बघितलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, माझ्या नंदिनीने परदेशात संस्कार टिकवले. मी श्रेय घेतलं. कोणी नसतं घेतलं?

पण ताई, परवा ती पावकी-निमकी म्हणत होती. पाव आणि अर्ध्याचे पाढे! मला येत नाहीत, आईला येत नाहीत, तिला कोणी शिकवले? विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांना येतात." आमच्याकडे म्हणजे कुठे? शिवाय आता तिच्याशी इंग्रजी बोललं की नुसती बघत राहते. ऑनलाइन वर्गात टीचर हाक मारतात आणि ही हात जोडून बसते.

शेवटी शेजारच्या ब्रायडीला कुंपणावरून सांगितलं. (ऐंशी वर्षांची आहे, सरकारने घरात बसवलेली, गप्पांना आसुसलेली.) धाग्याचं ऐकून तिच्या हातातला चहा सांडला. म्हणाली, त्या झाडाला कोणी हात लावत नाही. त्याखालचे लोक मागितलेलं देतात, पण पोर आवडली तर ठेवून घेतात आणि तिच्या जागी आपल्यातली पाठवतात, हुबेहूब. तो धागा ज्या हाताने बांधला त्यानेच उलटा सोडवायचा, तरच पोर परत मिळते. मी हसले. म्हटलं, म्हातारीचं काहीतरीच! पण त्याच दुपारी कपडे वाळत घालताना शेतातून आवाज आला, "मॅम! मॅम, आय्म स्टार्विंग!" आणि स्वरांगी तर माझ्याशेजारी उभी राहून चिमटे देत होती.

तरी मी दोन दिवस गेले नाही. का, ते सांगायला लाज वाटते. काल माझं डोकं दुखत होतं, तर ही तेलाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, दमलीस ना?" इथल्या सात वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, गिरीशनेसुद्धा. मी रडले. पण तिचे हात बर्फासारखे गार होते. माझी स्वरांगी मला 'यू आर सो एम्बॅरसिंग' म्हणायची आणि कुशीत शिरून घामेजून झोपायची. मला तीच हवी आहे, इंग्रजीसकट.

भाऊजींना नमस्कार. आईला यातलं अक्षरही सांगू नकोस.

तुझी,
नंदिनी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. चुकीच्या झाडाला केलेल्या व्रताचं उद्यापन कसं करतात, ते तुमच्या गुरुजींना विचारून कळव. भाव महत्त्वाचा, असं पुन्हा सांगू नकोस.

ता. क. २. आत्ता पुन्हा हाक आली. गुरुजींसाठी थांबत नाही. पटकन धागा सोडवून येते, मग फोटो पाठवते.

ता. क. ३. ती. सौ. मावशींस कु. स्वरांगीचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आई झाडापाशी गेली, हाकेमागून वाकून आत शिरली ती अद्याप परतली नाही, सबब फोटो मीच पाठवीत आहे. धागा तिला सापडणार नाही. तो मी सकाळीच सोडवून उशाखाली ठेवला आहे. आपण काळजी करू नये. पिठलं-भात तयार आहे, बाबांचं पान वाढून ठेवलं आहे. शेतातून दोघीजणी हाका मारीत आहेत, पण आता आईसुद्धा इंग्रजीतच बोलते. मला काही कळत नाही.