कोपऱ्यातला बाण

२ नोव्हेंबर २००९, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, म्हणून नवी रोजनिशी. मांजरीहून बुधवार पेठेपर्यंत स्कूटीवर मजेत आले आणि पोचल्यावर ती लावायला जागा शोधण्यात जवळजवळ तेवढाच वेळ घालवला. मन्सूरभाईंचा फोटो स्टुडिओ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या बोळात, पहिल्या मजल्यावर आहे. खाली रिमोट, वायरी आणि स्पीकर यांचा गोंगाट. जिना चढलं की ऐकू येतो फक्त मन्सूरभाईंचा रेडिओ. धंदा त्यांच्या आजोबांपासूनचा. कॉम्प्युटर कितपत येतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो माझ्याकडून शिकेल. ते हसले नाहीत, पण चहा मागवला. पुण्यात ही चांगली सुरुवात समजतात.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा महिना. हयातीच्या दाखल्यासाठी सगळ्यांना ताजा फोटो लागतो. आपण जिवंत आहोत हे या लोकांना दरवर्षी बँकेला पटवावं लागतं, आणि त्यासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालून येतात. मला सगळेच आवडले.

काउंटरच्या वर एका तरुण मुलाचा फोटो आहे, हार घातलेला. हार ताजा होता, मन्सूरभाईंनी सकाळी स्वतः मंदिराजवळून आणला. मुसलमानाच्या दुकानात हाराचा फोटो कसा, हा प्रश्न तोंडाशी आला होता. पहिल्याच दिवशी भोचकपणा नको म्हणून गिळला.

५ नोव्हेंबर, गुरुवार

एकच काम दुसऱ्यांदा करायची वेळ आली की माझ्या कपाळाला आठी पडते. इथे तर दिवसभर तेच. कॅमेऱ्यातल्या फाइलीला गिऱ्हाइकाचं नाव द्यायचं, त्या नावाचा फोल्डर करायचा, फाइल त्यात टाकायची, डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट ठेवायचा. पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा पहिल्यापासून. आज दुपारी बॅच फाइल लिहून टाकली. म्हणजे काय, तर नोटपॅडमध्ये कॉम्प्युटरला एकाखाली एक हुकूम लिहून ठेवायचे, तो ते निमूटपणे पाळतो. मशीन चालू झालं की ती आपोआप सुरू होईल, अशीही सोय केली.

मन्सूरभाईंनी चष्मा लावून बघितलं आणि चित्राच्या कोपऱ्यात हा छोटा बाण कसला, असं विचारलं. मी सांगितलं, बाण आहे तो शॉर्टकट, म्हणजे नुसती खूण. बाण नसेल तर ती खरी वस्तू. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ त्या बाणाकडे बघत राहिले.

त्यांची थोरली बहीण नसीमबानू दुपारी शेवयांची खीर घेऊन आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत. हयातीच्या दाखल्यासाठी त्यांचाही फोटो काढला. मला म्हणाल्या, दात दिसू देत, अजून सगळे माझेच आहेत.

९ नोव्हेंबर, सोमवार

आज पहिल्यांदा हाराच्या फोटोचं काम बघितलं. घरातलं कोणी गेलं की लोक दहाव्या-तेराव्याच्या आत येतात आणि जुना पासपोर्ट फोटो मोठा करून मागतात. मागे निळा रंग, खाली नाव, नावाआधी 'कै.', मग तारीख. आज एक मुलगा वडिलांसाठी आला होता. मन्सूरभाईंनी रेडिओ बंद केला. त्याला स्टूल दिलं, पाण्याचा ग्लास दिला आणि मग नाव विचारलं. नाव त्यांना ठाऊक होतं, चांगली ओळख होती, तरी विचारलं. मुलगा नाव सांगेपर्यंत त्यांनी माऊसला हात लावला नाही.

नंतर मला म्हणाले, "वासंतीबेटा, बाकी सगळं तुझ्या मशीनला करू दे. हाराचं काम हातानं. घरच्यांनी तोंडानं नाव सांगितल्याशिवाय फाइल उघडायची नाही." कारण विचारलं तर रेडिओ लावला.

हट्टी आहेत. पण माणूस गोड आहे.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

मन्सूरभाई नमाजाला गेले आणि मी हाराच्या कामाची बॅच लिहिली. लोक रडत समोर बसलेले असताना मी पार्श्वभूमी कापत बसायचं, यात कसला आदर आहे? आधीच तयार असलं तर नुसतं प्रिंट काढून द्यायचं. पेन्शनवाल्यांपैकी अगदी थोडे फोटो चाचणीला घेतले. एका क्लिकमध्ये सगळे निळ्यावर, प्रत्येकाच्या नावाआधी 'कै.', तारखेची जागा कोरी, आणि शॉर्टकट 'हार' नावाच्या फोल्डरमध्ये, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. टोपीच्या कडा नीट कापल्या जातात का हे बघायला माझ्या पेनड्राइव्हमधला आबांचा, माझ्या वडिलांचा, फोटोही घातला. ऊस कारखान्याच्या ओळखपत्रासाठी काढलेला, गांधी टोपीतला. कड अगदी सुबक आली. कै. संभाजी असं खाली बघून मला जरा हसू आलं.

मन्सूरभाईंची पावलं वाजली म्हणून घाईनं सगळं बंद केलं. आबांची फाइल काढायची राहिली. उद्या माझी रजा, सोमवारी काढीन.

१६ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी 'हार' उघडला तर पहिल्या शॉर्टकटवरचा बाण गायब. दत्तोबा, रास्ता पेठेतले, गेल्या आठवड्यात फोटो काढताना मला कोट नीट आहे का विचारत होते. काहीतरी बिघडलं असेल म्हणून बॅच वाचून काढली. ओळ न् ओळ बरोबर.

दुपारी दत्तोबांचा मुलगा आला. मन्सूरभाईंनी रेडिओ बंद केला.

फोटो तयारच होता. तारखेसकट. तारीख मी घातली नव्हती.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आज दुसऱ्या शॉर्टकटचा बाण नाही. जयसिंग. रोज सकाळी पर्वती चढणारा माणूस. मी दिवसभर जिन्याकडे बघत बसले. योगायोग असतात, असं स्वतःला सांगत राहिले.

संध्याकाळी त्यांची सून आली.

त्यांच्यानंतर नसीमबानू आहेत. त्यांच्यानंतर आबा. बाकीचे आबांच्या मागे. पुन्हा पुन्हा वाचलं, क्रम बदलत नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार

मशीन चालू केल्या केल्या दोन्ही बॅच पुसल्या. 'हार' फोल्डर पुसला. कचरापेटीही रिकामी केली. पेनड्राइव्ह खाली बोळात दगडानं ठेचला. स्पीकरवाला बघत होता, बघू दे. दिवसभर कोणी आलं नाही. नसीमबानूंना काहीतरी निमित्त काढून फोन केला. छान बोलल्या, खीर आवडली का विचारलं.

मी फार घाबरट आहे. झोप लागेल आज.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

फोल्डर परत आला आहे. सगळे आहेत. नसीमबानूंवर बाण नाही.

मन्सूरभाई आज आले नाहीत. मला कारण माहीत आहे. त्यांच्या घरी हाराचा फोटो लावतसुद्धा नाहीत, आणि मी त्या बाईंच्या नावाआधी 'कै.' लावलं, त्या हसत असताना. मला स्वतःची किळस येते आहे.

आता आबा.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

मशीन चालू केलं नाही. मन्सूरभाई आले, डोळे सुजलेले. मी पाया पडले आणि सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, चूक त्यांचीही आहे, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. काउंटरवरच्या हाराच्या फोटोतला मुलगा म्हणजे श्याम, माझ्या आधी याच खुर्चीवर होता. त्यानंही असाच वेळ वाचवला होता, आणि त्याच्या आईचा फोटो चाचणीत राहिला होता. पुसून काही झालं नाही. शेवटी त्यानं स्वतःचा फोटो त्यात घातला, फाइलीच्या नावाआधी ए लावून. आईला रांगेत मागं ढकललं, एवढंच म्हणाला. त्याच्यानंतर फोल्डर आपोआप रिकामा झाला. आई, मैनाबाई, अजून आहेत, विश्रांतवाडीला. मन्सूरभाई दर महिन्याला जाऊन येतात.

मग त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "तू असं काही करायचं नाहीस, बेटा. आपण दुसरं काही बघू." आणि मशीनची वायर भिंतीतून उपटून सोबत घरी नेली.

घरी आले तर आबा उसाच्या फडातून परतलेले, छातीला हात लावून ओट्यावर बसलेले. म्हणाले, काय न्हाय, जरा भरून आल्यागत झालंय.

२१ नोव्हेंबर, शनिवार

वायर नाही. तरी मशीनच्या पंख्याचा आवाज. स्क्रीन चालू —

आबांवरचा बाण आहे. पण फिका. उन्हात ठेवलेल्या कापडासारखा. सोमवारी नसेल.

आबांना रात्रभर धाप होती. डॉक्टर म्हणाले, नाडी लागत नाही नीट.

माझा नोकरीच्या अर्जातला फोटो इथेच आहे. वासंती म्हणजे व्ही, आबांच्या खूप मागे. मन्सूरभाई दफनभूमीकडे गेले आहेत. फाइलीचं नाव बदलायला किती वेळ — ए लावायचा, 'हार'मध्ये टाकायची, बस. रोज शंभर वेळा नावं बदलली आहेत मी.

 मला जगायचं आहे हेही इथे लिहून ठेवते. खूप जगायचं आहे. पण आबांशिवायचं घर मला डोळ्यांसमोर आणवत नाही —

लावला.

२२ नोव्हेंबर, रविवार

आबा सकाळी उठून बसले. ठेचा मागितला. आईनं रागावून दिला. खोकला आहे, पण धाप नाही. उद्या नको जाऊ कामाला, म्हणाले, तोंड का उतरलंय तुझं. मी म्हटलं, पगार कोण देईल. त्यांच्याजवळ बसून भाकरी खाल्ली. सगळा दिवस त्यांच्याजवळ बसले.

किती दिवसांनी असा रविवार —

२३ नोव्हेंबर, सोमवार

आले. पोचले. मांजरीच्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, थेट अंगावर. डोळे मिटले. उघडले तर रस्ता मोकळा. वाचले बहुतेक. स्कूटी कुठे लावली आठवत नाही. जिना चढल्याचंही —

मन्सूरभाई माझ्या खुर्चीकडे बघत बसले आहेत. एकच चहा मागवला. तो तसाच गार. मी बोलले, उत्तर नाही. रागावले असतील, मी त्यांना न सांगता —

काउंटरवर पेपर आहे. गुरुवारचा. सोमवारी गुरुवारचा पेपर कसा —

फोल्डर उघडला. आबा त्यात नाहीत. कोणीच नाही. मी एकटी आहे.

बाण नाही.

पण मी तर इथे बसून लिहिते आहे.

जिन्यावर कोणीतरी. खोकला. हा खोकला मी ओळखते — आबा. आबा चालत आले. स्वतःच्या पायांनी. हिंडताहेत आबा, देवा. डोक्याला टोपी नाही. मी हाक मारली. वळले नाहीत. पुन्हा मारली —

मन्सूरभाई उठले. रेडिओ बंद केला.

स्टूल. पाण्याचा ग्लास.

आबा म्हणाले, पोरीचा फोटू मोठा करून पायजे.

मन्सूरभाई रडताहेत. तरी विचारलं, नाव काय.

आबा, इकडे बघा. इथे, या खुर्चीत. नाव सांगू नका. तुम्ही जोवर नाव घेत नाही तोवर मी —