अजगर आणि माझा गाल

रविवार, ५ मे. सकाळी १०.

सहलीचं वेळापत्रक पूर्ण. चार दिवस, चार माणसं, सत्तावीस राइड्स. बावीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं करतोय. तिथे एकशे चाळीस गाड्या माझ्या पेन्सिलीवर चालतात, त्यामुळे घरातली माणसं हलवणं म्हणजे किस झाड की पत्ती. प्रत्येक राइडनंतर सात मिनिटं उशिरासाठी राखून ठेवलीत. बाथरूमची वेगळी. बायकोने कागद वाचला आणि विचारलं, यात मजा किती वाजता आहे. दुर्लक्ष केलं.

ऐनवेळी सासूबाईंची भर पडलीय. वय एकाहत्तर, उंची माझ्या खांद्याइतकी, प्रकृती नाजूक. त्यांच्यासाठी पार्कच्या नकाशावर सावलीतल्या बाकांवर खुणा केल्या. माझा अंदाज असा की दुसऱ्याच दिवशी त्या अंथरूण धरणार आणि सगळी सहल पाण्यात जाणार.

अजगर शेवटच्या दिवशी ठेवलाय. अजगर म्हणजे पार्कमधली सगळ्यात मोठी राइड. लेकीला, म्हणजे मुंगीला, दोन वर्षांपूर्वीच वचन दिलंय. मुंगी नऊ वर्षांची आहे. तिचं एकच म्हणणं: बसेन तर बाबाबरोबर. आई नको, आजी नको, बाबाच हवा. आपल्या बापाची छाती केवढी आहे ते पोरांना बरोबर कळतं.

गेल्या वर्षी ती उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडली. मला फार वाईट वाटलं. त्या दुःखात दोन आइस्क्रीम खाल्ली.

ता. क. बायकोने अजगर खोडून पहिल्या दिवशी, शनिवारी ४.१० ला टाकला. म्हणाली, एकदाचं उरकून टाक. वरिष्ठांना न विचारता बदल केल्याबद्दल तिला समज दिली. मनातल्या मनात.

मंगळवार, ७ मे.

मुंगीची उंची मोजली. दाराच्या चौकटीला उभं करून. पट्टीपेक्षा एक बोट जास्त भरली. केस दाबून मोजली, मोजे काढून मोजली. तरी जास्तच. बायको म्हणाली, आता पाय कापायचे का तिचे. मुंगी काहीच बोलली नाही. आनंदाने बोलती बंद झाली असणार.

आजपासून घरात आरोग्याचे नियम लागू. सकाळी सातला सगळ्यांचा ताप मोजायचा, दोन वेळा गुळण्या, बाहेरचं खाणं बंद. कुणा एकामुळे वेळापत्रक कोलमडायला नको. सासूबाईंचा ताप तीनदा मोजला, कारण आकडा नॉर्मल येत होता. त्यांनी थर्मामीटर माझ्याकडे देऊन सांगितलं की जावईबापू, आता तुमचाही मोजा. मी म्हटलं, गरज नाही. बावीस वर्षांत मी एकच सिक लीव्ह घेतलीय आणि तीसुद्धा मेव्हण्याच्या लग्नासाठी.

गुरुवार, ९ मे. सकाळी ६.३०.

डाव्या कानाखाली सूज. नव्या उशीचा प्रताप. दुकानदाराला फोन करून झापलं. तो म्हणाला, उशीने गाल सुजल्याची ही पहिलीच तक्रार आहे. या लोकांना जबाबदारी म्हणून घ्यायला नको.

पाव चावताना जबडा दुखला. पाव शिळा होता.

शुक्रवार, १० मे. हॉटेल, संध्याकाळी ५.

प्रवास वेळेवर. गाल जरा वाढलाय, म्हणून मफलर गुंडाळला. मे महिन्यात मफलर पाहून समोरचं जोडपं उठून दुसरीकडे बसलं. पाय पसरायला छान जागा मिळाली.

अंग गरम लागतंय. प्रवासाचा उत्साह.

सासूबाईंनी मफलरच्या आत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या की ही गालगुंडं दिसतात. मला हसू आलं. हसताना दुखलं. गालगुंडं लहान मुलांना होतात, मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. त्यांच्या वयाला अशा कल्पना सुचतात. त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलं, तर त्या जिने चढून हॉटेलची गच्ची बघायला गेल्या.

खोलीच्या खिडकीतून अजगर दिसतो. निदान त्याची पाठ. त्या जागी ती एवढी उंच का ठेवलीय ते कळत नाही. मला उंचीचं काही नाही, पण माझी मान जुनी आहे. कॉम्प्युटरमुळे. हे इथे नुसतं नोंदवून ठेवतो.

शनिवार, ११ मे. सकाळी ११.

खोलीत. एकटा.

पार्कच्या फाटकावर तिकीट तपासणाऱ्या बाई तिकिटाऐवजी माझ्या चेहऱ्याकडेच बघत राहिल्या. मग आम्हाला प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मफलर काढला, दोन बोटं लावली आणि निकाल दिला. गालगुंडं. आजार पसरणारा, म्हणून सूज आल्यापासून पाच दिवस माणसांत जायचं नाही. म्हणजे मंगळवारपर्यंत खोलीतून बाहेर पडायचं नाही. बायकोला आणि सासूबाईंना लहानपणीच होऊन गेलीत, मुंगीला लस दिलीय. घरात बेसावध असा मी एकटाच निघालो.

मी मुंगीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की म्हणजे डॉक्टर, अजगर नाहीच? ते म्हणाले, आज तर मुळीच नाही. मी कपाळावर हात मारला. मग डॉक्टरांचे आभार मानले. दोनदा. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही.

मुंगीने लांबून हात हलवला आणि मला नीट विश्रांती घ्यायला सांगितलं. काही घाई नाही बाबा, म्हणाली. एवढीशी पोर, पण किती समजूतदार.

दुपारी २.

डेपोत साहेब रजेवर गेले तरी काम थांबत नाही. खोलीत कंट्रोल रूम उघडली. टेबल खिडकीशी, नकाशा भिंतीवर, दुर्बीण हातात. बायकोला दर पंधरा मिनिटांनी मेसेज पाठवतोय: आता कुठे जा, कुठली रांग सोडा, सासूबाईंना कुठल्या बाकावर बसवा. पहिल्या सहा मेसेजना अंगठा आला. मग अंगठेही बंद. पार्कात नेटवर्कची बोंब आहे असं दिसतंय. पण माझ्या सूचनांवर सगळं सुरळीत चाललं असणार.

जेवणात सूप. सूप चावावं लागत नाही. भूक मात्र उत्तम लागलीय. गेल्या कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

रविवार, १२ मे. दुपारी ४.३०.

उजवा गालही सुजला. आरशात पाहिलं. आमच्या डेपोचे मॅनेजर आठवले.

आज एक फार मोठी गोष्ट घडली. बरोबर ४.१० ला दुर्बीण अजगरावर लावली. गाडी सावकाश वर चढली. सगळ्यात पुढच्या सीटवर एक छोटीशी व्यक्ती. दोन्ही हात वर. गाडी कोसळली तरी हात वरच. माझी मुंगी.

डोळ्यांत पाणी आलं. शेवटी रक्त कुणाचं. मीही खिडकीतून दोन्ही हात हलवले. खाली बागेतल्या माळ्याने उलटे हलवले.

पण थोडं लागलं हेही खरं. बाबाच हवा म्हणायची आणि बसली दुसऱ्या कुणाबरोबर तरी. असो. मुलं मोठी होतात. वचन आपोआप सुटलं. मला बसायचं होतं, पण आता तिच्या आनंदात लुडबूड कशाला. सुटकेचा, म्हणजे अभिमानाचा, सुस्कारा टाकला.

संध्याकाळी ७.

तिघी दारात उभं राहून बोलून गेल्या. मी मुंगीला सूचक हसून विचारलं की काय, आज खास काही? ती म्हणाली, काही नाही. बापाला वाईट वाटू नये म्हणून लपवतेय. गळा दाटून आला. किंवा ती सूज असेल.

सासूबाईंचे केस विस्कटलेले होते. त्यांना दगदग सोसत नाहीय. बायकोला सांगितलं, उद्या आईंना हॉटेलवरच ठेव. बायको खोकल्यासारखं काहीतरी करून निघून गेली. तिच्या तब्येतीकडेही लक्ष ठेवायला हवं.

सोमवार, १३ मे. दुपारी ४.४५.

ताप नाही. सूज निम्मी. बरं होण्याची एवढी घाई शरीराने का करावी?

मुंगी आजही अजगरावर. पुढची सीट, हात वर. अर्ध्या तासात तीन फेऱ्या मोजल्या. उद्या शेवटचा दिवस. डॉक्टरांनी सकाळी तपासायला बोलावलंय. त्यांनी हो म्हटलं तरी प्रश्न नाही, पोर बसून आलीच आहे. मी खाली उभा राहून टाळ्या वाजवीन. मन अगदी शांत.

मंगळवार, १४ मे. दुपारी ३.

डॉक्टरांनी मोकळं केलं. आणखी एक दिवस काळजी घेऊ का, असं तीनदा विचारलं. गरज नाही म्हणाले. फारच तरुण डॉक्टर आहेत.

अजगरापाशी पोचल्यावर मी मुंगीला मोठ्या मनाने सांगितलं की तू तर बसून आलीस, आता माझ्यासाठी पुन्हा त्रास नको. ती चपलेने जमीन उकरत राहिली. बायको म्हणाली, ती कुठे बसलीय, बाबाशिवाय नाही म्हणाली ना, तीन दिवस खाली बाकावरच होती. मग पुढच्या सीटवर हात वर करून कोण होतं? सासूबाई. शनिवारपासून चौदा फेऱ्या. फाटकावरचे लोक त्यांना आता आजी म्हणतात आणि पुढची सीट धरून ठेवतात.

सूज उरलीय का म्हणून गाल चाचपला. पण तीन दिवस पोर माझ्यासाठी थांबलेली. कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? तिचा हात धरला आणि रांगेत उभा राहिलो. दुसऱ्या हाताने कठडा धरला. आजारपणाचा अशक्तपणा. वरून किंचाळ्या येत होत्या. रांग भराभर सरकत होती. इतकी शिस्तशीर रांग मी आयुष्यात पाहिली नाही. पुढे आठ माणसं उरली. मुंगीचा हात घामाने ओला झाला होता. की माझा, कोण जाणे.

तिने माझा शर्ट ओढला. “बाबा, तू खरंच बसणार आहेस?”

मी म्हटलं, म्हणजे काय, शब्द दिलाय.

तिचं तोंड रडवेलं झालं. “पण तू नाही म्हणशील म्हणून तर मी तुझं नाव सांगत होते. सगळे सारखे मागे लागायचे, बस बस म्हणून. तू कधीच बसणार नाहीस हे मला माहीत होतं.”

दोन वर्षं. आई नको, आजी नको, बाबाच हवा.

पुढे पाच माणसं राहिली. मुंगी खालच्या आवाजात म्हणाली, “तू आजारी पडलास ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं.”

“मलाही,” मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. मग म्हटलं आता राहिलंय काय, आणि सांगून टाकलं, “मला फार भीती वाटते गं.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. इतका घट्ट तिने आजवर कधी धरला नव्हता.

आम्ही रांगेतून उलटे निघालो. मागे साठेक माणसं होती. प्रत्येकाला सॉरी म्हणावं लागलं. दोन शाळकरी पोरं हसली. सासूबाईंनी विचारलं, तुमच्या दोन जागा रिकाम्या झाल्यात तर मी आणि ही बसू का? मायलेकी गेल्या.

आम्ही दोघं बदकांच्या बोटीत बसलो. पायडल मुंगी मारत होती, मी दिशा सांगत होतो. चार वेळा बसलो. पाणी फक्त गुडघाभर आहे असं बोटवाल्याने दर वेळी सांगितलं. दर वेळी विचारलं मी होतं.