मागच्या सीटवरचं वजन

३ नोव्हेंबर

आलो एकदाचे वरसाव्याला! शेड अगदी खाडीला लागून आहे. वर पत्रा, पुढे पाण्यात उतरणारा धक्का आणि पुलावरच्या ट्रकांची अखंड घरघर. राहायला बेव्हर्ली पार्कात फ्लॅट मिळालाय. एका हौशी संग्राहकाला पहिल्या महायुद्धातलं लष्करी सी-प्लेन हुबेहूब बनवून हवंय, खाडीत चालवून दाखवायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच. लाकूड-कापड माझं, इंजिन माझ्या धाकट्या भावाचं. केतन आत्तापासूनच वैमानिकाच्या तोऱ्यात फिरतोय. उडवायचं मात्र नाही, तशी शपथच आईने घातलीय.

९ नोव्हेंबर

पंखांवर कापड चढलं. वार्निशाच्या वासाने डोकं भणभणतंय, पण रूप काय दिसतंय! एवढ्याशा लाकडा-कापडावर माणसं पाणबुड्या शोधायला समुद्रावर जायची. पुढे वैमानिक, मागे टेहळ्या. इंजिन बंद पडलं की लाटांवर उतरायचं, सोबतचं कबुतर चिठ्ठी बांधून सोडायचं आणि वाट बघत राहायचं. कित्येकांकडे कुणी आलंच नाही. केतन म्हणाला, काळजी नको, आपल्या फ्लॅटच्या खिडकीत कबुतरं भरपूर आहेत.

१४ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा पाण्यात! मागच्या सीटवर टेहळ्याच्या वजनाची रेतीची पोती ठेवायची होती. बाळाकाका होडीतून पोती देत होते. ते इथलेच, जन्म रेतीच्या होड्यांवर गेलेला. विमानाखालचा होडीसारखा पोकळ फ्लोट खुणेपर्यंत बुडाला तशी मी ओरडले, "बस! बस!" काकांचा हात जागच्या जागी थांबला. खाडीत भरताना "पुरे" म्हणायचं, "बस" कधीच नाही, असं ते म्हणाले. का, असं विचारलं तर म्हणे, "कोन तरी बसतं, बाय."

केतन पोट धरून हसला. मीही हसले.

१५ नोव्हेंबर

पोती काढली, तरी फ्लोट वर येईना. उघडून पाहिला, आतून ठणठणीत कोरडा. मागची सीट मात्र ओली होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

काका नारळ घेऊन आले. शब्द माझ्या तोंडून गेला, तर "ऊठ"ही मीच म्हणायला हवं, असं त्यांनी सांगितलं. लाज वाटली, पण म्हटलं.

फ्लोट आणखी बोटभर खाली गेला.

१८ नोव्हेंबर

विमान शेडमध्ये ओढून घेतलंय. केतन त्यात एकटाच बसून बोलत असतो. विचारलं तर म्हणाला, मागचा फार वाट बघतोय गं ताई, त्याला समुद्राकडे सोडून येतो.

मी घाबरलेय. काम सोडू म्हटलं, रडले, आईचं नाव काढलं. ऐकत नाही. उद्या संग्राहक येणार, केतन चालवणारच —

१९ नोव्हेंबर, सकाळी

दोन्ही फ्लोटना भोकं पाडली. वरून कापड चिकटवलंय, दिसणार नाही. उतरवलं की धक्क्यापाशीच बुडेल, गुडघाभर पाण्यात. केतन शिव्या देईल. देऊ दे. जिवंत तर राहील.

धक्क्यावर

बुडालं नाही. खालून कुणी उचलून धरल्यासारखं — धक्का सोडेपर्यंत बुडालंच नाही —

ओरडले, भोकं आहेत, भोकं आहेत! इंजिनाच्या आवाजात त्याला काही —

पुलाच्या पुढे गेलं. खोल पाणी आहे तिथे. आता बुडतंय. आत्ता!

काका होडी घेऊन निघालेत, मला नेलं नाही. काय करू कळत नाही म्हणून लिहितेय. माझ्या हाताने पाडली भोकं, माझ्याच —

इंजिन थांबलं. केतन उभा राहिलाय. उडी मार. पोहता येतं तुला. मार ना रे राजा —

त्याच्या मागे आणखी कुणी उभं रा