पिल्ले उडाली त्या दिवशीचा शिरा

मूल, ३ ऑक्टोबर १९५६

आज कपाट आवरले. हे जाऊन दोन महिने झाले. यांनी वर्षभर परसातल्या पक्ष्यांचे काढलेले फोटो मी वहीत चिकटवत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या जनाबाई आल्या. त्यांना वैशाखातला फोटो दाखवला. लिंबाच्या फांदीवर बुलबुलाची तीन पिल्ले, ओळीने बसलेली. तो भिंतीवर लावायचा होता.

जनाबाई म्हणाल्या, "तुमच्या मास्तरनं पाय बांधले होते नं या पिल्लायचे. दोरा तं मीच देल्ला. सोडाले उशीर झाला, उन्हानं मेले बिचारे. तुमाले मालूम नाई?"

फोटो खिडकीशी नेला. पायांशी दोरा आहे. इतक्यांदा पाहिला, मला ती काडी वाटायची.

पिल्ले इतकी स्थिर कशी बसली, असे तेव्हा विचारले होते. म्हणाले, "ओळख पटली त्यांना आपली." दुसऱ्या दिवशी म्हणाले, उडाली. त्या आनंदात मी शिरा केला. यांनी खाल्ला, वर पुन्हा मागून घेतला.

खरे सांगितले असते तर मी रागावले असते, दोन दिवस बोलले नसते. एवढेच ना? जनाबाईंना माहीत, मला नाही. आणखी काय सांगितले नसेल? आता विचारू कोणाला?

पुन्हा मागून घेतला. घास उतरला कसा?

फोटो वहीत लावला नाही, फाडलाही नाही. वाटीतली खळ वाळून गेली होती. ती खरवडून वाटी धुतली आणि एकटीपुरता भात टाकला.