पिंपामागचा चोर

रविवार संध्याकाळ, विद्यानगर

आज रोलप्लेच्या खेळात समीराशी वाजलंच. तिने तिच्या चोराची सोंगटी पिंपामागे लपवली, फासेही चांगले पडले. पण पहारेकऱ्याने चोराला तिथे जाताना पाहिलं होतं! मग तो लपला कसा? "आता दिसत नाहीये ना, मग झालं," समीरा हटूनच बसली. खेळ मी चालवते, पण नियमांचं पुस्तकही इथे धड काही सांगत नाही. माझंच चुकतंय का?

तेवढ्यात बेल वाजली. घरमालकीणबाई! त्यांना घरात घोळका चालत नाही, म्हणून दिवे घालवून आम्ही सगळे गप्प बसलो.

दाराबाहेरून बाईंचा दखनीतला आवाज आला, "चपलां तो भार पडे सो हैं. तुमे कां छुपे जी?" आमच्या सगळ्यांच्या चपला बाहेरच राहिल्या होत्या, मग लपलो कुठे!

समीराने मुकाट्याने सोंगटी पिंपामागून बाहेर काढली.