रायफलीची माशी

मंगळवार, संध्याकाळ.

आज चौकात जमाव दगड घेऊन अंगावर आला. माझ्या शेजारचा शिपाई दत्ता डोकं फुटून पडला. साहेब ओरडले, "पायावर मार!" मी एकच गोळी झाडली. ती दगड मारणाऱ्याच्या पोटात घुसली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना तो वाटेतच गेला.

आल्यावर रायफल साफ केली. नळीतून फडकं काळंकुट्ट निघालं. शेजारी बसलेले हवालदार हळूच म्हणाले, "नळीच्या टोकावरची नेमाची माशी सरकली असंल बे. जबाबात तसंच लिही." मी होकाराची मान हलवली.

खरंच सरकली असती तर? पण माशी मीच परवा गोळीबाराच्या रेंजवर जुळवली. पाचही गोळ्या मधोमध गेलत्या. माशी न्हाई सरकली. दत्ताचं रक्त बघितलं अन् मी पोटावरच नेम धरला.